देवळाचं तोंड

मोह गळायला लागला की साऱ्या टोल्याला, म्हणजे आमच्या ह्या वस्तीला, आनंद होतो आणि मला अपराधी वाटायला लागतं. पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली येतात, फुलं वेचता वेचता एकमेकींच्या सासवांचा उद्धार करतात, आणि तो गोड, किंचित आंबूस वास माझ्या ओसरीपर्यंत येऊन बसतो. त्या वासानं कुणाला भूक लागते, कुणाला तहान. तहान लागणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. मला मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा एक मोसम आठवतो आणि त्या मोसमात लाल शाईनं केलेली एक दुरुस्ती आठवते.

यंदा गोष्ट जरा जास्तच अवघड झाली. गोरे साहेब चंबूगबाळं आवरून निघणार, अशी बातमी गोंदियाच्या बाजारातून आमच्या साजटोल्यापर्यंत पोचली, आणि तिच्या पाठोपाठ आमच्या देवळात नवे फादर येऊन दाखल झाले. देवळात फादर कसे, असं कुणाला वाटेल. आमचं देऊळ म्हणजे गिरजाघर. पण गिरजाघर म्हणायला इथं कुणाची जीभ वळत नाही, आणि देऊळ म्हणायलाही पुरती वळत नाही, कारण इकडच्या बोलीत 'ळ' हे अक्षर कुणाला सापडलेलंच नाही. सगळे त्याला 'देऊर' म्हणतात. सालेकशाच्या जंगलाच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, आमचं देऊर उभं आहे.

तर हे नवे फादर वसईकडचे. तरुण, हसरे, आणि हातात सदैव मोजपट्टी. जुन्या देवळांच्या बांधणीचा त्यांना नाद. आल्या दिवसापासून खांब मोज, कमान मोज, भिंतीला कान लाव, असं चाललेलं. चौथ्या दिवशी ते माझ्या ओसरीवर आले. गावात त्या काळचा शिकलेला माणूस म्हणून मी एकटाच शाबूत आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"गुरुजी, एक कोडं सोडवा," ते म्हणाले. "जगात जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते आणि दार पश्चिमेला. म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांची तोंडं उगवतीकडे होतात. इथं बरोबर उलट आहे. दार पूर्वेला, वेदी पश्चिमेला, आणि जिथं पुढचं अंगण हवं तिथं, मागच्या भिंतीला खेटून, विहीर. असं का?"

मी खोकलो.

"मला वाटतं," ते डोळे मोठे करून म्हणाले, "बांधणारे फादर फार विद्वान असले पाहिजेत. रोममधली काही अगदी जुनी चर्चं अशी आहेत. त्यांनी मुद्दाम ती परंपरा इथं आणली. आणि विहीर म्हणजे जीवनाचं पाणी!"

मी मान डोलावली. नुसती मान डोलावण्यात खोटं बोलणं होत नाही, असा माझा फार जुना समज आहे. पण त्यांचा तिसरा प्रश्न सरळ छातीवर आला. "आणि ती दाराची पायरी? दगड किती सुंदर घडवलाय. भोवती धानाच्या लोंब्यांची वेल, आणि मधोमध गुळगुळीत, रिकामी पाटी. ह्या रिकामेपणाचा अर्थ काय असेल?"

अर्थ मला ठाऊक होता. तो अर्थ माझ्या पेटीत, धोतराच्या घडीखाली, चाळीस वर्षं पडून होता. मी फादरांना म्हटलं, आज कफ फार झालाय, उद्या या.

मी मूळचा पुण्याकडचा. माझ्याजवळ शुद्ध मराठी होती आणि दुसरं काही नव्हतं, म्हणून पोटासाठी इतक्या लांब आलो. तेव्हाचे पाद्रीबाबा फ्रान्सचे. ताडमाड उंच, गाजराच्या रंगाची दाढी, आणि कुत्र्यामांजरालाही 'आपण' म्हणण्याइतके सभ्य. त्यांना मराठी शिकवायला मुनशी हवा होता, पोरांच्या शाळेला मास्तर हवा होता, आणि मी एकट्यात दोन्ही मिळत होतो.

पाद्रीबाबा सकाळी तासभर माझ्याकडून मराठी शिकत आणि उरलेला दिवसभर टोल्यातल्या लोकांकडून. त्यामुळं 'मी आपणांस सविनय विनंती करून राहिलो' अशी वाक्यं त्यांच्या तोंडून बाहेर पडत आणि मी कानांवर हात ठेवी. 'ह' त्यांना म्हणताच येत नसे. 'हे काय आहे?' ह्याचं 'ए काय आए?' होई. बोलण्याला माझा इलाज नव्हता, पण लिहिण्याला होता. त्यांची प्रवचनं, पत्रं, बाजाराची यादी, जे हाती येईल ते मी लाल शाईनं सुधारत असे. एकदा त्यांची चिठ्ठी आली, 'मला फार ताप आला आहे, आपण लवकर ये.' मी आधी 'ये'चं 'या' केलं, शाई वाळू दिली आणि मग धावत गेलो. असा मी होतो.

आणि इस्तारी मिस्त्री. पंचक्रोशीतला पहिल्या प्रतीचा गवंडी. महादेवाची देवळं, मारुतीचे पार, मालगुजाराचा वाडा, पोलिसांचं ठाणं, सगळं त्याच्या हातचं. हाडकुळा माणूस, आणि बोलताना नेहमी एक डोळा मिटलेला. आपण ओळंब्यात उभे आहोत की कललो आहोत, हे तो तपासतोय असं वाटे आणि आपण आपोआप ताठ होत असू. त्याची बायको भागरता चुना पायांनी मळायची आणि नवराबायको दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची.

धान कापून झालं, खळी आवरली, माणसं मोकळी झाली, तेव्हा पाद्रीबाबांनी देवळाचा नकाशा बाहेर काढला. तोवर कुडाच्या झोपडीतच त्यांची प्रार्थना चाले. इस्तारीनं नकाशा उलटसुलट करून पाहिला. टोकदार कमान त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पाद्रीबाबा हवेत बोटं फिरवून समजावू लागले, मी व्याकरणशुद्ध समजावू लागलो, आणि आमच्या दोघांच्या बोलण्यातून काही निघेना. शेवटी इस्तारीनं दोन्ही हात वर करून नमस्कारासारखे जोडले आणि मिटला डोळा उघडून विचारलं, "असी का जी?" पाद्रीबाबा आनंदानं ओरडले. आजही त्या कमानी खालून पाहिल्या की कुणीतरी डोक्यावर हात जोडून उभं असल्यासारखं वाटतं.

त्या आनंदातच पाद्रीबाबांनी वचन दिलं. "मुनशीजी, याला सांगा, आमच्या देशात बांधणाऱ्याचं नाव दगडात राईल. याचंपण राईल."

 बरीच देवळं इस्तारीनं उभी केली होती आणि प्रत्येकावर नाव होतं ते देऊळ बांधून घेणाऱ्याचं. भागरता म्हणाली, "नाव कोरतेत म्हने! तुमाले तं वाचताई येत नाई."

"वर नोको जी," इस्तारी हळूच म्हणाला. "वर देवाचं नाव पायजे. माजं पायरीवर. देवाले आलेल्या मानसाच्या पायाची धूर लागन."

'धूर' म्हणजे धूळ, हे मी पाद्रीबाबांना समजावून सांगितलं. नाहीतर ते पायरीवर धूप जाळत बसले असते.

त्या दिवसापासून इस्तारी माझा विद्यार्थी झाला. अटही त्याचीच. नाव दुसऱ्यानं लिहून द्यायचं आणि त्यानं गिरवायचं, असं चालणार नव्हतं. स्वतःच्या हातानं लिहीन आणि मगच कोरीन. दुपारच्या सुट्टीत तो भिंतीवरच्या ओल्या चुन्यात थापीच्या टोकानं अक्षरं काढी. 'री' त्याला चटकन जमली. 'स्ता'शी आठवडाभर झटापट झाली. पण 'इ'नं त्याचा जीव काढला. "या इ चं शेपूट कोनीकडे जाते जी मास्तर? रोज येगरीकडे जाऊन राहिलं." येगरं म्हणजे वेगळं, भलतं. भागरता टोपलं डोक्यावर घेऊन जाता जाता ऐकवायची, "एवढ्या वेरात एक भित झाली असती." त्या देवळाच्या उत्तरेच्या भिंतीत, गिलाव्याखाली, किती तरी वाकडेतिकडे 'इ' आजही गाडलेले आहेत. नव्या फादरांनी भिंतीला कान लावला तेव्हा मला भीती वाटली ती त्या वाकड्या अक्षरांचीच.

पण भिंती झाल्या त्या पुढं. पायाखणणीच्या आधीच पाद्रीबाबांना हिवतापानं धरलं. चांगलंच धरलं. त्यांना बैलांच्या रेंगीत घालून स्टेशनावर नेलं आणि तिथून नागपूरला. जाताना त्यांनी नकाशा माझ्या हवाली केला आणि म्हणाले, पायाचं मी पत्रानं कळवीन.

पत्राची वाट बघताना मी नकाशा अभ्यासला. एका कोपऱ्यात छोटी फुली होती आणि तिच्या चार टोकांना चार अक्षरं. मला इंग्रजी अक्षरं येत होती. एन म्हणजे नॉर्थ, एस म्हणजे साउथ, ई म्हणजे ईस्ट. पश्चिमेला मात्र डब्ल्यू नव्हता. तिथं होता एक छानसा गोल, ओ. आता पश्चिमेला गोल काय असणार? इस्तारीनं एक डोळा मिटून पाहिलं आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, विहीर! बांधकामाला पाणी लागणारच होतं. देवळाला विहीर हवीच. पाद्रीबाबांची दूरदृष्टी पाहून मला गहिवरून आलं. फ्रान्सच्या भाषेत पश्चिमेला 'वेस्ट' म्हणत नाहीत, त्यांचा शब्द 'ओ'नं सुरू होतो, हे ज्ञान मला पुढं तीन महिन्यांनी झालं. तोवर विहीर खणून झाली होती आणि पाणी असं गोड लागलं होतं की टोल्यातल्या म्हाताऱ्यांनी चूळ भरून पाहिली आणि गिळून टाकली.

मग पत्र आलं. पाद्रीबाबांनी काळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'लोकांची तोंडे पूर्वेला पाहिजे आहेत.'

मी ते वाक्य वाचलं आणि मला हसू आलं. लोकांची तोंडं? लोक आपापली तोंडं घेऊन वाटेल तिकडे फिरतात. ती गवंड्यानं पूर्वेला कशी बसवायची? पायाच्या पत्रात लोकांच्या तोंडांचं काय काम? बाबांना तापात शब्द सुचला नाही, हे उघड होतं. मराठीत घराला तोंड असतं, गल्लीला असतं, घागरीला असतं, गळवालाही असतं. पायाचा विषय आहे, म्हणजे तोंड देवळाचं. मी लाल शाई घेतली, 'लोकांची तोंडे' ह्यावर एक सुबक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'देवळाचे तोंड'. 'पाहिजे आहेत'चं 'पाहिजे' केलं. वाक्य कसं स्वच्छ झालं! मग ते मी इस्तारीला खणखणीत वाचून दाखवलं. देवळाचे तोंड पूर्वेला पाहिजे.

"मंग, ते तं रायतेच ना जी," इस्तारी म्हणाला. "देवाचं तोंड उगवतीलेच रायते."

नकाशा थोडा कुरकुरला. त्यात अर्धगोल भिंत, जिथं वेदी यायची, ती 'ई'च्या बाजूला होती. म्हणजे पत्र आणि नकाशा यांचं जमत नव्हतं. इस्तारीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तापात काढलेलं चित्र चुकू शकतं. मराठी कशी चुकेल?" त्यानं नकाशा जमिनीवर ठेवला आणि उजवा डावीकडे जाईल असा फिरवला. त्या फिरवण्याला लागला एक क्षण. मग दोरी ताणली, चुन्याची फक्की टाकली, आणि साजटोल्याचं देऊळ कायमचं फिरलं.

बांधकामाचे ते दिवस फार सुखाचे होते, हे मी आज कबूल करतो. शेजारच्या गावचे पोवार शेतकरी आपल्या बैलगाड्या घेऊन दगड वाहायला आले. धान घरात आलेलं, बैल रिकामे, आणि माणसांना गप्पांची हौस. चुना बैलाच्या घाण्यात फिरायचा, त्यात गूळ पडायचा, बेलफळाचा चिकट गर पडायचा, आणि मुंग्या अख्ख्या जंगलातून दर्शनाला आल्यासारख्या रांगेनं यायच्या. "गूर भितीले कायले पायजे?" असं विचारत कामकरी स्वतःच्या तोंडातही एक खडा टाकून बघत. सागाच्या खांबांच्या माथ्यावर इस्तारीनं धानाच्या लोंब्या कोरायला लावल्या. घंटेचं मात्र त्याला समजेना. एवढ्या उंच टांगलेली घंटा माणसानं वाजवायची कशी? त्यानं ती दारातच, हाताला लागेल अशी टांगली. पुढं कित्येक वर्षं आमच्याकडे प्रार्थना ऐन रंगात असताना उशिरा येणारा प्रत्येकजण शांतपणे एक टोला देऊनच आत शिरायचा.

सगळ्यांत शेवटी इस्तारीनं पायरीचा दगड घडवला. तो काम करी तेव्हा भागरतासुद्धा गप्प असायची. भोवतीची वेल झाली. मधली पाटी घासून आरशासारखी झाली. 'इ'चं शेपूटही एव्हाना ठरल्या दिशेला जाऊ लागलं होतं. "पादरीबाबा आले का त्याईच्या समोर कोरतो," तो म्हणाला.

शिमगा झाला आणि मोह गळायला लागला. सकाळी कामावर कुणी येईना. जो तो झाडाखाली. देवळाच्या पूर्वेच्या दारासमोरच तो थोरला मोह आहे, त्यामुळं निदान मजूर दिसत तरी होते. अशाच एका सकाळी पाद्रीबाबांची रेंगी स्टेशनाकडून आली. स्टेशन पश्चिमेला. त्यांना लांबून आपलं देऊळ दिसलं, आणि त्यांनी गाडीतच उभं राहून टोपी काढली. जवळ आल्यावर टोपी हातातच राहिली. समोर दार नव्हतं. गोल पाठ होती. पायऱ्यांच्या जागी विहीर होती आणि विहिरीवर चार बाया पाणी भरत होत्या.

"मुनशीजी," ते खाली उतरून म्हणाले, "ए काय आए?"

मी हसत पुढं झालो. "विहीर, बाबा. आपला ओ."

त्यांनी मला 'ओ'चा अर्थ सांगितला. मग ते देवळाला वळसा घालून पूर्वेला गेले, दार पाहिलं, दारातली घंटा पाहिली, आणि दाढीसकट लाल झाले. "मी लिईलं ओतं! लोकांची तोंडं पूर्वेला! पत्र कुठं आए?"

आणि त्या वेळी, मोहाच्या त्या वासात उभा असताना, मला एकदम कळलं. बाबांचं वाक्य बरोबर होतं. आत बसलेल्या लोकांची तोंडं पूर्वेला हवी होती. त्यांच्या मोडक्या मराठीत चूक एकही नव्हती. चूक लाल शाईत होती.

माझी बायको तेव्हा पहिल्या बाळंतपणाला टेकली होती. माझी नोकरी म्हणजे माझी मराठी, आणि माझ्या मराठीनंच हे देऊळ फिरवलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला तो असा: "पत्राला वाळवी लागली, बाबा."

पाद्रीबाबा इस्तारीकडे वळले. "मग कोणी केलं ए?"

इस्तारीनं एक डोळा मिटला आणि माझ्याकडे पाहिलं.  मी ओळंब्यात नव्हतो, हे त्याला दिसलं असणारच. मग तो म्हणाला, "मीनं केलं जी. मास्तरनं बरोबर सांगतलं होतं. मलेच आयकू नाई आलं."

"पण का?"

"देवाचं तोंड उगवतीले रायते जी. तुमचा देव का येगरा हाय?"

 पाद्रीबाबा विहिरीच्या काठावर जाऊन बसले. पावसाळ्याआधी पाडून पुन्हा बांधायला ना वेळ होता ना पैसा, आणि विहीर तर फिरवता येतच नव्हती. देऊळ वाचलं. पण उठताना ते पायरीजवळ थांबले, ती रिकामी पाटी त्यांनी पाहिली, आणि फार हळू म्हणाले, "अशा चुकीवर नाव नको."

इस्तारीनं छिन्नी पिशवीत ठेवली. दुपारी मी त्याला विहिरीवर गाठलं.  तोच म्हणाला, "कायले तोंड पाडून राहिले मास्तर? अक्षर तं शिकलो ना." आणि ओल्या मातीत बोटानं एक 'इ' काढून दाखवला. शेपूट अगदी जिथं हवं तिथं होतं.

पुढचं सगळं हसण्यासारखंच आहे, आणि मी चाळीस वर्षं हसतच सांगत आलो. वेदीच्या वर बाबांनी गोल खिडकी योजली होती, सकाळचं ऊन आत यावं म्हणून. ती गेली पश्चिमेला. पश्चिमेकडून आमच्याकडे पाऊस येतो. पहिल्याच आषाढात पावसाची धार खिडकीतून सरळ पाद्रीबाबांच्या मानेवर पडू लागली आणि ते लॅटिन मंत्र म्हणत असताना मागं एकजण इरलं धरून उभा राहू लागला. नागपूरचे मोठे पाद्री पाहायला आले ते मिरवणुकीनं थेट विहिरीपाशी पोचले आणि दार शोधत राहिले. उलट, दार पूर्वेला असल्यानं सकाळचं कोवळं ऊन आतपर्यंत, पार वेदीपर्यंत जाई. उशिरा आलेल्या माणसाची लांबलचक सावली वेदीवर चढे, त्यामुळं कोण आलं हे बाबांना मान न वळवता समजे. हळूहळू त्यांना ते ऊन आवडू लागलं. मोह वेचणाऱ्या बाया टोपली पायरीवर ठेवून दारात टेकू लागल्या. दार स्टेशनाकडे केलं असतं, तर टोल्यातलं कोण एवढा वळसा घालून आलं असतं? हे बाबांनी एकदा स्वतःच बोलून दाखवलं. तेव्हा दगडाचा विषय काढायला हवा होता. काढायचा होता तो मी, आणि मला त्या दिवशीही कफ झाला होता. बाबा गेले. इस्तारी जाऊन बारा पावसाळे झाले. त्याच्या मातीला मी गेलो होतो आणि तिथंही मी नुसती मान डोलावत उभा होतो. मला माझी लाज वाटते, हे आता स्पष्ट लिहितो.

दुसऱ्या दिवशी नवे फादर आले तेव्हा मी पेटी उघडून पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांची मराठी जन्माची, त्यामुळं समजावून सांगावं लागलं नाही. काळी ओळ वाचली, लाल दुरुस्ती वाचली, आणि ते जे हसायला लागले ते ओसरीच्या खांबाला धरून खाली बसले. "आणि विहीर?" त्यांनी कसंबसं विचारलं. मी 'ओ' सांगितला. पुन्हा हसले. मग मी पायरीचं सांगितलं. त्यांची मोजपट्टी आपोआप गुंडाळली गेली.

"मग त्या दगडावर नाव कोण घालणार, गुरुजी?"

भागरता अजून आहे. कंबरेत वाकली आहे, पण मोह वेचायला येते. तिच्याकडून मी इस्तारीची छिन्नी मागून आणली. कशाला हवी, हे तिनं विचारलं नाही, हे मला तेव्हाच चमत्कारिक वाटायला हवं होतं. तीन दिवस मी कोरत होतो. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून आत उंबऱ्यावर बसायचो, पाय खाली सोडायचो आणि दोन पायांच्या मध्ये पायरीवर ओणवून ठोकत राहायचो. बोट ठेचलं, चष्मा दोनदा मोहाकडे उडाला, फादर येऊन येऊन पाणी देऊन गेले. शनिवारी संध्याकाळी मी शेवटचं टोक मारलं, कसाबसा उठलो, खाली उतरून समोरून पाहिलं, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी आतून कोरलं होतं. बाहेरून देवळात येणाऱ्याला ते नाव उलटं दिसत होतं. शेपूट वर, वेलांटी खाली.

टोपली घेऊन भागरता तिथंच उभी होती. ती पायरीशी बसली आणि अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवू लागली.

"भागरता," मी म्हटलं, "चूक माझी होती. पत्र मीच बदललं होतं."

"ठाऊक हाय जी," ती बोट न थांबवता म्हणाली. "तेनं मले तवाच सांगतलं. पादरीबाबाची शाई कारी, कागदावर लाल रेघ, अना लाल बोट मास्तरचं. वाचता येत नोतं तेले. दिसत तं होतं."

मी विचारलं, "मग तो बोलला का नाही?"

"तो म्हने, मास्तरनं मले अक्षर देल्लं. अना मले देऊरं लय भेटतीन, मास्तरले नोकरी एकच हाय." तिनं बोटाला लागलेली दगडाची पूड लुगड्याला पुसली. "सरकं हाय ना जी नाव?"

"नाही," मी म्हणालो. चाळीस वर्षांनी का होईना, तोंडून खरं निघालं. "उलटं झालं. येणाऱ्याला वाचता येणार नाही."

ती हसायला लागली. दात नाहीत, पण हसू जसंच्या तसं. "येतानी कोन वाचते जी? येतानी सारे वर देवाकडे पायतेत. निंगताना जोडे शोधतेत, तवा खाली पायतेत. तवाच वाचतीन."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना सुटली आणि मी मोहाखाली उभं राहून पाहत होतो. माणसं दारातून बाहेर आली, जोडे शोधायला खाली वाकली आणि पायरीशी अडखळली. कुणीतरी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, इ, स्ता, री. मागच्यांनी ते पुढं म्हटलं. दारात गर्दी झाली, ऊन सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं, पण कुणी हललं नाही. पाद्रीबाबांनी काळ्या शाईत लिहिलं होतं, अगदी तसं झालं होतं. लोकांची तोंडं पूर्वेला होती.